पुन्हा पहिल्यापासून

एखादा विषय आपल्याला समजत नसला की दोन गोष्टी करता येतात. एक, मान डोलवावी. दोन, त्या विषयाचा इतिहास विचारावा. विषय समजायला बुद्धी लागते, इतिहासाला नुसती चिकाटी पुरते. शिवाय इतिहासात माणसं असतात, त्यांचे हट्ट असतात, पस्तावे असतात आणि हे सगळं आपल्या चांगल्या ओळखीचं असतं. कॉम्प्युटरच्या बाबतीत मी इतकी वर्षं मान डोलवण्यावरच भागवीत आलो. इतिहासाची पाळी आली ती भाच्यामुळे.

भाचा रविवारचा जेवायला आला होता. डोळे तांबारलेले, दाढी चार दिवसांची. सौभाग्यवतींनी आमटी वाढता वाढता विचारलं, "काय रे, काम फार पडतं का?"

"काय सांगू मामी! आम्ही एक लायब्ररी वापरतो ना, ती त्या लोकांनी पहिल्यापासून नव्यानं लिहून काढली. आता आम्हालाही आमचं सगळं बदलावं लागतंय."

माझा घास हातातच राहिला. लायब्ररी म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे आमच्या पेठेतलं वाचनालय उभं राहिलं. ती जाळीची कपाटं, वर्गणी थकलेल्यांच्या नावांचा तो फळा (त्यावर आमचंही नाव अधूनमधून झळके), वर्तमानपत्राच्या आडोशाला डुलक्या काढणारे पेन्शनर. तेवढी पुस्तकं नव्यानं लिहून काढायची म्हणजे किती कारकून बसवले असतील!

भाच्यानं खुलासा केला. त्यांच्या धंद्यात लायब्ररी म्हणजे एकानं लिहून ठेवलेला तयार प्रोग्रॅम. बाकीच्यांनी तो आपापल्या प्रोग्रॅममध्ये उसना घ्यायचा. परत करायची अट नाही.

"मग आमच्या वाचनालयासारखंच की," मी म्हणालो. "आणि करते काय ही लायब्ररी?"

"कोड रंगवते."

जेवण झाल्यावर त्यानं लॅपटॉप उघडून दाखवलं. पडद्यावर प्रोग्रॅमच्या ओळी होत्या आणि त्या खरोखरच रंगीत होत्या. भाषेचे स्वतःचे राखीव शब्द जांभळे, अवतरणचिन्हांतला मजकूर हिरवा, आकडे नारिंगी, आणि प्रोग्रॅमरनं स्वतःच्या आठवणीसाठी लिहिलेल्या, यंत्र ज्यांच्याकडे ढुंकूनही बघत नाही अशा टिपा करड्या. हे रंग कुणी भरत नाही. माणूस टाइप करतो आणि लायब्ररी मागून रंगाची बादली घेऊन धावते.

आता अक्षरं रंगवणं हा काही मला परका विषय नव्हे. अस्मादिकांची उभी हयात एका छापखान्यात मुद्रितशोधक म्हणून गेली. आमच्याकडे रंग एकच, लाल. गॅली प्रूफ समोर घ्यायचं, शेजारी कॉपीहोल्डर मूळ प्रत मोठ्यानं वाचणार, आणि लाल पेन्सिलीनं आपण कंपोझिटरची पापं मोजणार. त्याही आधीची पोथी लिहिणारी मंडळी याबाबतीत आमच्यापेक्षा रंगेल होती. काळ्या शाईत ओव्या किंवा श्लोक, आणि 'उवाच', श्लोकांचे आकडे, अध्यायाची समाप्ती हे हिंगुळाच्या तांबड्या शाईत. चुकलं तर त्यावर पिवळी हरताळ फासायची. आपण आज एखाद्या चांगल्या बेतावर हरताळ फासतो ती हीच. दुकानं बंद ठेवण्याच्या हरताळाशी तिचा काही संबंध नाही. (माझी निम्मी हयात हे लोकांना सांगण्यात गेली. उरलेली निम्मी 'आशीर्वाद'मधली 'शी' दीर्घ असते हे सांगण्यात.)

म्हणून मी भाच्याला विचारलं, "हे तुमच्यात सुरू केलं कुणी?" आणि तिथून तो रविवार गेला. पुढचे चार रविवारही.

कॉम्प्युटरवर अक्षरं अशी रंगवणारं जे अगदी सुरुवातीचं अवजार सांगतात, त्याचा प्रोग्रॅमरांशी संबंध नंतर आला. ते निघालं शब्दकोशासाठी! ऑक्सफर्ड इंग्रजी कोशाचा पहिला भाग १८८४ साली निघाला आणि पहिली आवृत्ती पुरी व्हायला १९२८ साल उजाडलं. पुढं पुरवण्या निघत गेल्या. १९८४ साली ऑक्सफर्डच्या मंडळींनी ठरवलं की हा सगळा डोलारा कॉम्प्युटरवर चढवायचा. अमेरिकेत १२० हून अधिक टायपिस्ट बसले आणि त्यांनी पस्तीस कोटींवर अक्षरं बडवली. ती तपासायला इंग्लंडमध्ये ५५ मुद्रितशोधक होते. हा आकडा ऐकल्यावर मी भाच्याला थांबवलं आणि त्या पंचावन्न जणांच्या स्मरणार्थ सौभाग्यवतींकडे चहा मागितला.

कोशातली एक नोंद म्हणजे काय काय असतं ते पाहा. मूळ शब्द, उच्चार, व्युत्पत्ती, अर्थ क्रमांक एक, अर्थ क्रमांक दोन, त्याखाली सालवार अवतरणं. छापील पानात हे वेगवेगळ्या टायपात असतं म्हणून डोळ्याला कळतं. कॉम्प्युटरवर मात्र सगळं एका जातीचं, आणि मध्ये मध्ये 'इथून व्युत्पत्ती सुरू, इथं संपली' अशा खुणांचा बुजबुजाट. वाचणाऱ्याला घेरी यावी. आयबीएम कंपनीनं या कामाला यंत्रं आणि माणसं दिली होती. तिच्या माइक काउलिशॉ या इंग्रज गृहस्थानं १९८५ साली 'लेक्स' नावाचा संपादक-प्रोग्रॅम लिहिला. कोशाच्या संपादकानं टाइप करावं आणि लेक्सनं त्या त्या जागी खुणा ओळखून व्युत्पत्तीला एक रंग, अवतरणाला दुसरा रंग द्यावा. हाच प्रोग्रॅम कॉम्प्युटरच्या भाषाही रंगवू शके. कोशाची दुसरी आवृत्ती १९८९ साली वीस खंडांत निघाली.

म्हणजे या रंगपंचमीचं मूळ व्याकरणात आहे, सजावटीत नाही. मला हे फार आवडलं. भाच्याला तितकंसं आवडलेलं दिसलं नाही. त्याची समजूत अशी की रंग त्याच्या कॉलेजातल्या टर्बोच्या निळ्या पडद्यावर जन्मले. आपल्या कॉलेजांतून तो निळा पडदा पुढं पंचवीसेक वर्षं टिकून होता, त्यामुळे ही समजूत त्याच्या पिढीत बरीच पसरलेली असावी.

"पण उपयोग होतो का रे याचा?" सौभाग्यवतींनी मध्येच विचारलं. त्यांचे प्रश्न नेहमी असेच असतात, आणि त्यांना उत्तर देताना माणसाची त्रेधा उडते. भाच्यानं प्रामाणिकपणे सांगितलं, की रॉब पाइक हा 'गो' भाषेच्या जनकांपैकी एक मोठा माणूस, त्याला हा पोरखेळ वाटतो. आणि २०१८ साली जर्मनीतल्या संशोधकांनी ३९० विद्यार्थ्यांवर प्रयोग केला, तेव्हा कोड रंगीत असल्यानं तो जास्त बरोबर समजतो असं काही दिसलं नाही. "मग?" सौभाग्यवती म्हणाल्या. "मग काही नाही मामी. काढून टाकले तर कुणी कामाला हात लावणार नाही." हे त्यांना पटलं. आमच्या घरातले पडदे याच तत्त्वावर टिकून आहेत.

तर आता त्या लायब्ररीकडे वळू. तिचं नाव कोडमिरर. मारैन हाव्हरबेके नावाचा एक डच प्रोग्रॅमर आहे. त्यानं २००७ साली जावास्क्रिप्ट शिकवणारं एक पुस्तक लिहून इंटरनेटवर ठेवलं. वाचकाला पानावरच्या पानावर उदाहरणं सोडवून बघता यावीत म्हणून त्याला एक छोटी पाटी हवी होती, आणि पाटीवर लिहिलेलं रंगीत दिसलं तर बरं. ती पाटी म्हणजे पहिलं कोडमिरर. पुस्तकापेक्षा पाटीचाच बोलबाला जास्त झाला की काय कोण जाणे. पुढं ती फायरफॉक्स आणि क्रोम या दोन्ही ब्राउझरांच्या प्रोग्रॅमरांसाठीच्या अवजारांत जाऊन बसली.

पहिल्या पाटीत लिहिण्याची सोय ब्राउझरची स्वतःची होती. ती सोय म्हणजे आमच्या वेळच्या एसटीसारखी: थांबेल तिथं थांबेल. प्रत्येक ब्राउझरची तऱ्हा निराळी. तेव्हा २०११ साली हाव्हरबेकेंनी सगळं पुन्हा लिहिलं आणि या वेळी एक नामी युक्ती केली. ती भाच्यानं सांगितली तेव्हा मला कळेना, मग मी ती माझ्या भाषेत आणली: पार्श्वगायन! आपण टाइप करतो ती अक्षरं पडतात एका लपवलेल्या छोट्या चौकटीत. ती झाली आतली गायिका. पडद्यावर जे रंगीत दिसतं ते लायब्ररीनं निराळं मांडलेलं. ती झाली ओठ हलवणारी नटी. नटी देखणी, गायिका सुरेल, प्रेक्षक खूश. या पायावर दोन-तीन-चार-पाच अशा आवृत्त्या निघाल्या, शंभरावर भाषा रंगवता येऊ लागल्या, आणि जगभरचे लोक ती वापरू लागले.

अशी चालती गाडी सोडून २०१८ च्या सुमारास या गृहस्थांनी पुन्हा कोऱ्या कागदापासून सुरुवात केली. सहावी आवृत्ती पक्की व्हायला २०२२ चा जून आला.

"वेड लागलं होतं का?" मी विचारलं.

माझा प्रश्न अगदीच अडाणी नव्हता असं नंतर निघालं. फ्रेडरिक ब्रुक्स यांनी १९७५ सालीच आपल्या पुस्तकात बजावून ठेवलं आहे की माणसाची दुसरी निर्मिती सर्वांत धोक्याची, कारण पहिल्या वेळी आवरलेले सगळे हौसमौजेचे बेत तो तिच्यात कोंबतो. आणि २००० साली जोएल स्पोल्स्की यांनी तर नेटस्केप कंपनीचं नाव घेऊन सांगितलं की चालू प्रोग्रॅम टाकून नव्यानं लिहायला बसणं यासारखी घोडचूक नाही. नेटस्केप ब्राउझरची चौथी आवृत्ती आली १९९७ साली. पाचवी आलीच नाही. सहावी २००० च्या नोव्हेंबरात आली, तोवर बाजार उठून गेला होता. स्पोल्स्कींचं म्हणणं असं: जुन्या प्रोग्रॅममध्ये जी वेडीवाकडी ठिगळं दिसतात, त्यातलं प्रत्येक ठिगळ म्हणजे कुणीतरी कधीतरी सोसलेला एक ताप असतो. ठिगळ फेकलंत की ताप परत येतो.

हे मला इतकं पटलं की मी मांडीवर थाप मारली. आमच्या छापखान्यात कंपोझिंगच्या खोलीतल्या भिंतीवर वर्षानुवर्षं कागदाचे कपटे चिकटवलेले होते. 'प्राध्यापकांच्या लेखात ध आणि घ नीट पाहणे.' 'तिसऱ्या केसमधला रफार तुटका आहे.' 'दिवाळी अंकात कवीचे नाव खाली, वर नव्हे. (गेल्या वर्षीचे आठवा.)' एक नवे मॅनेजर आले, त्यांना भिंत घाण दिसली. त्यांनी चुना लावून घेतला. भिंत झकास झाली, आणि त्या दिवाळीला कवीचं नाव वर गेलं. कवी समक्ष आले होते.

पण भाचा म्हणाला, "मामा, त्या नेटस्केपच्या नव्या कोडातूनच पुढं २००४ साली फायरफॉक्स निघाला." आता बोला! कंपनी बुडाली आणि कोड तरला. इतिहासाची हीच खोड मला आवडत नाही; आपण मांडीवर थाप मारावी आणि त्यानं पुढचं पान उलटावं.

हाव्हरबेकेंनी नव्या आवृत्तीत रंगवण्याची रीतच बदलली. जुनी रीत अशी. लायब्ररी ओळ डावीकडून उजवीकडे वाचत जाई, हातात एक चिठ्ठी धरून: 'आत्ता आपण अवतरणाच्या आत आहोत', 'आत्ता टिपेत आहोत'. ओळ संपली की चिठ्ठी पुढच्या ओळीच्या हातात. यात एक गोम आहे. अवतरण मिटवायला विसरलात की चिठ्ठी तशीच पुढं पुढं जाते, आणि कित्येकदा खालचा सगळा मजकूर हिरवागार होतो. हा प्रकार मी छापील कादंबरीत पाहिलेला आहे. नायिका एकविसाव्या पानावर बोलू लागली आणि अवतरणचिन्ह मिटलंच नाही; व्याकरणदृष्ट्या ती बाई प्रकरण संपेपर्यंत बोलत होती, त्यात स्वतःच्या मूर्च्छेचं वर्णनही आलं.

दुसरी गोम म्हणजे, शब्द एकटा धरून कळत नाही. आपल्याकडे 'वर' म्हणजे माळ्यावर, की मांडवातला, की देवानं दिलेला? पुढंमागं पाहावं लागतं. जावास्क्रिप्टमध्ये तिरकी रेघ म्हणजे कधी भागाकार, तर कधी भलत्याच गोष्टीची सुरुवात. चिठ्ठीवाल्याला हे अंदाजानं ओळखावं लागे. नव्या आवृत्तीत अंदाज नाही. शाळेत आम्हाला वाक्यपृथक्करण करायला लावीत, उद्देश्य, विधेय, विधेयविस्तार, फांद्या काढून. तसं सबंध प्रोग्रॅमचं झाड मांडलं जातं आणि झाडावर ज्याची जी फांदी तो त्याचा रंग. बरं, प्रत्येक अक्षर टाइप केल्यावर आख्खं झाड पुन्हा मांडायला वेळ कुणाला आहे? म्हणून जेवढी फांदी हलली तेवढीच नवी, बाकीचं जुनं झाड तसंच उचलायचं. आणि माणूस टाइप करीत असताना वाक्य अर्धवटच असणार, हे गृहीत धरायचं. आमच्या मास्तरांसारखं अर्धवट वाक्याला छडी मारायची नाही. ही विद्या १९९० च्या दशकात बर्कलीच्या विद्यापीठात बरीच घासूनपुसून ठेवली होती. मॅक्स ब्रन्सफेल्ड यांनी 'ट्री-सिटर'मध्ये ती व्यवहारात आणली, आणि ते २०१८ साली अॅटम नावाच्या (आता बंद पडलेल्या) संपादकात रुजू झालं. ते पाहून हाव्हरबेकेंनी ब्राउझरला झेपेल असं स्वतःचं यंत्र लिहिलं. त्याचं नाव 'लेझर'. किरणांचं नव्हे, डच भाषेत लेझर म्हणजे वाचक.

आणि जुन्या शंभर भाषांच्या त्या चिठ्ठ्यांचं काय झालं? टाकल्या नाहीत. वाडा पाडून इमारत बांधली तरी सागवानी दरवाजा काही कुणी भंगारात घालत नाही, तसे ते जुने चिठ्ठीवाले नव्या आवृत्तीत 'वारशाचे' म्हणून वेगळ्या खोलीत बसवले आहेत. ज्या भाषेचं झाड अजून कुणी मांडलेलं नाही, तिथं आजही तेच राबतात. चुना लावण्यापूर्वी भिंतीवरचे कपटे उतरवून घेतले म्हणायचे.

"पण एवढ्या रंगासाठी चार वर्षं?" मी म्हणालो. "अंदाजानं का होईना, रंग तर मिळत होते."

"रंगासाठी नाही मामा," भाचा म्हणाला. "मुख्य कारण निराळंच होतं."

ते कारण म्हणजे पार्श्वगायन. ज्यांना दिसत नाही असे प्रोग्रॅमर पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा प्रोग्रॅम वापरतात. एनव्हीडीए नावाचा असा एक प्रोग्रॅम फुकट मिळतो. ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन यांनी तो २००६ साली सुरू केला आणि ते स्वतः अंध आहेत. आता हा वाचणारा प्रोग्रॅम कोडमिररमध्ये कुठं जाणार? नटीकडे नव्हे, तो जाणार जिथं टाइप केलं जातं तिथं, गायिकेच्या खोलीत. आणि ती खोली जवळजवळ रिकामी! पडद्यावर हजार ओळी, आणि कानात शांतता. मोबाइल फोनवरही या लपवाछपवीमुळे रडगाणंच होतं. ठिगळं लावून पाहिली, पण दोष ठिगळाच्या जागी नव्हता, पायातच होता. म्हणून हाव्हरबेकेंना पंधरा वर्षांनी परत तिथंच यावं लागलं जिथून ते निघाले होते: ब्राउझरच्या स्वतःच्या लिहिण्याच्या सोयीकडे. फक्त या वेळी लायब्ररी त्यावर विसंबून राहत नाही. ब्राउझरला लिहू देते आणि लगेच काय बदललं ते पडताळून घेते. मला मंडईतून भाजी आणायला पाठवतात आणि आल्याबरोबर पिशवी ओतून पाहतात, ती पद्धत.

भाच्याच्या ऑफिसात एक मुलगी आहे, तिला दिसत नाही. त्यांच्याकडे संपादनाचं जे अवजार होतं (कुणाचं ते मी विचारलं नाही), त्यात ती गेली तीन वर्षं कोड लिहायची नाही. शेजारी साध्या फायलीत लिहायची आणि मग दुसऱ्या कुणाकडून तो आत चिकटवून घ्यायची. दर वेळी कुणाला तरी हाक मारायची. तिनं कधी तक्रार केली नाही, असं भाचा म्हणाला, आणि ते म्हणताना त्यानं पायाच्या अंगठ्याकडे पाहिलं. हे बदलण्याचं काम अंगावर घेतलं ते त्यानंच. नवी आवृत्ती जुनीशी अजिबात मिळतीजुळती नसल्यामुळे त्यांचंही सगळं सुटं करून पुन्हा जोडावं लागतंय, वरिष्ठ विचारतात की यातून नवीन काय दिसणार, आणि याला सांगावं लागतं की साहेब, दिसणार काहीच नाही.

पाचव्या रविवारी तो आला तो लॅपटॉप उघडूनच. म्हणाला, "मामा, डोळे मिटून बसा." आणि त्यानं वाचणारा प्रोग्रॅम सुरू केला.

पहिल्यांदा काही कळेना. आवाज यंत्राचा आणि वेग असा की मंगलाष्टकं उरकणाऱ्या भटजींनी हात टेकावेत. मग हळूहळू कान सरावला. शब्द, कंस सुरू, शब्द, स्वल्पविराम, शब्द, कंस पुरा, अर्धविराम. आणि मी चमकलो. हा तर आमचा कॉपीहोल्डर! तोही असाच वाचायचा, अर्थाकडे न बघता, एका सुरात, चिन्हांसकट: "तो म्हणाला स्वल्पविराम अवतरण सुरू ये उद्गार अवतरण पुरं". त्या आवाजावर मी तीस वर्षं अक्षरं तपासली. पुढं खिळे गेले, छापखाना गेला, तोही गेला.

"थांबव," मी म्हणालो. "मागची ओळ पुन्हा."

त्यानं बाण मागं नेला. यंत्रानं पुन्हा वाचलं.

"अवतरण मिटलं नाही तुझं."

भाचा पडद्याकडे वाकला. त्याखालच्या ओळी केव्हाच्या हिरव्या झालेल्या असणार, पण आवाजाच्या नादात त्यानं तिकडे पाहिलंच नव्हतं. त्यानं गुपचूप एक चिन्ह टाइप केलं.

"अहो, झालं का तुमचं?" आतून आवाज आला. "पानं मांडलीत."

"आलो," मी म्हणालो. "एवढं पान संपू दे."